वाचकांचे प्रश्न : हलक्या गाडीला काच कोणती बसवावी?

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे वडिलांची १९६९ सालची फियाट ११०० आहे. मागचा बाक, गालिचा आणि जुने पत्रे काढून मी ती हलकी करून घेत आहे. रविवारी सकाळी चालवण्यापुरतीच ती वापरायची आहे. आता गॅरेजवाला म्हणतो की, सगळ्या काचा काढून पॉलिकार्बोनेट (चिवट, पारदर्शक प्लास्टिक) बसवू, पंधरा-वीस किलो सहज कमी होतील. हे करावे काय? समोरची काच सोडून बाकी काचांचे क्षेत्रफळ सुमारे सव्वा चौरस मीटर आणि जाडी ५ मिलिमीटर भरते. — एक वाचक, माहीम

उत्तर : आधी वजनाचा हिशेब पाहू. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, तर पॉलिकार्बोनेटची केवळ १.२ पट असते. म्हणजे आपल्या सव्वा चौरस मीटर काचेचे आजचे वजन साडेपंधरा किलोच्या आसपास आहे, आणि तिच्या जागी ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट बसवल्यास ते साडेचार किलोवर येते. अकरा किलोंची ही बचत खरी आहे, शिवाय ती गाडीच्या वरच्या भागातली असल्याने वळणावर जाणवतेही. मात्र पंधरा-वीसचा आकडा गाठायला समोरची काचसुद्धा काढावी लागेल, आणि ती काढू नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

समोरची काच लॅमिनेटेडच हवी. तिच्यात दोन काचांमध्ये चिकट प्लास्टिकचा पापुद्रा असतो. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागेवर टिकते आणि चालकाला रस्ता दिसत राहतो. पॉलिकार्बोनेट फुटणार नाही हे खरे, पण त्यावर वायपर फिरला की प्रत्येक धूलिकण एक बारीक रेघ ओढतो. जूनमधल्या पहिल्या सरीत, काचेवर रस्त्याचा चिखल उडालेला असताना, माहीमच्या कॉजवेवर वायपर चालवून पाहा. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या रेघांत कसा पसरतो, हे एकदा पाहिले की वेगळा युक्तिवाद लागत नाही.

बाजूच्या आणि मागच्या काचांबाबत मात्र आधी कायदा पाहावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार समोरची काच आणि खिडक्या सेफ्टी ग्लासच्या (फुटल्यास धारदार तुकडे न उडणाऱ्या काचेच्या) किंवा, २०२१ पासून, प्रमाणित सेफ्टी ग्लेझिंगच्या असाव्या लागतात; समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. साध्या पारदर्शक प्लास्टिक शीटची सवलत आहे ती तीनचाकींना आणि कापडी टप व बाजूचे पडदे असलेल्या गाड्यांना. आपली फियाट बंद टपाची आहे, त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या गाडीत साध्या पॉलिकार्बोनेट शीटच्या खिडक्या ठेवू नयेत.

मग वजनाचे काय? या बाबतीत मला पोर्शे या जर्मन मोटार कंपनीचे उदाहरण नेहमी बोलके वाटते. १९६७ ची त्यांची ९११ आर ही गाडी शर्यतीसाठी होती, म्हणून तिला प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. पण १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ रस्त्यावरही चालायची होती, तेव्हा वजनाबाबत इतक्या काटेकोर असलेल्या त्या गाडीत काचच ठेवली गेली, फक्त पातळ. आपणही ५ ऐवजी ४ मिलिमीटरची टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घ्यावी. बचत जेमतेम तीन किलोंची होईल, हे मान्य आहे. पण काच वर-खाली करता येईल, पुसता येईल आणि आरटीओत प्रश्न उपस्थित होणार नाही.

जुन्या गाड्यांच्या दारांच्या काचा बहुधा सपाट असतात, म्हणून त्या करून घेणे अवघड नाही. जुन्या काचेवरून प्लायवूडचा साचा कापावा, त्याप्रमाणे काच कापून, कडा घासून, भोके पाडून घ्यावीत आणि मगच ती टफन करायला द्यावी. टफन करताना काच सहाशे अंशांवर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण साठतो; नंतर तिला कापायला किंवा भोक पाडायला गेल्यास सगळीच्या सगळी काच खड्यांच्या ढिगात रूपांतरित होते. पातळ काच जुन्या खाचेत सैल पडते, त्यासाठी खाचेत जाड फेल्ट (नमद्याची पट्टी) बसवून घ्यावे, नाहीतर दार लावताना होणारी खडखड आपल्याला रोज ऐकावी लागेल. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जुनी काच घेणार असाल, तर काचेचा प्रकार सांगणारा कोपऱ्यातला ठसा वाचावा आणि पोलरॉइड चष्म्यातून तिरप्या उजेडात पाहावे. टफन्ड काचेवर पुसट डाग किंवा पट्टे दिसतात. जुन्या लॅमिनेटेड काचेच्या कडेला दुधाळ पांढरेपणा दिसला, तर आत ओल शिरली आहे असे समजून ती सोडून द्यावी.

प्रश्न : माझ्या जुन्या कापडी टपाच्या जीपच्या बाजूच्या खिडक्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकपैकी अॅक्रिलिक घ्यावे की पॉलिकार्बोनेट? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : पॉलिकार्बोनेट, तेही हार्ड कोटिंग (ओरखडे रोखणारा कठीण थर) केलेले. अॅक्रिलिक ओरखड्यांना अधिक दाद देत नाही, पण धक्का बसला की त्याचे टोकदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट उन्हात बरेच पसरते : १.२ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तेवढ्याच काचेची वाढ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. म्हणून बोल्टपेक्षा भोक ३ मिलिमीटर मोठे ठेवावे, रबराचे वॉशर घालावे आणि बोल्ट आवळून टाकू नये.

हे मी स्वानुभवाने सांगतो. माझ्या स्वतःच्या जीपमध्ये बोल्ट चांगले करकचून आवळले होते, आणि रंगकाम झाल्यावर मुलाने रंगाचे थेंब काढायला शीटवरून थिनरचे फडके फिरवले. पाहता पाहता प्रत्येक बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्राव या शीटपासून दूर ठेवावेत. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड वापरावे. समोरच्या काचेला मात्र येथेही लॅमिनेटेडच घ्यावी. जीपची ती काच सपाट असल्याने कोणताही चांगला काचवाला मापाप्रमाणे कापून देईल.