पडण्याआधी थांबव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला आणि चहा तसाच ठेवून तुझं ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा हलता आराखडा, चार वेळा पाहिलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, त्या राखत बसलेली डुलक्या घेणारी आजी आणि कुरडईवर डोळा ठेवून असलेला कावळा. सहा मिनिटं, संवाद एकही नाही. आणि आता तू विचारतेस की गाइड म्हणतात तसं यात ज्येष्ठांच्या एकटेपणाचं काही घालू का, कावळा म्हणजे परदेशी गेलेला मुलगा असं सुचवू का. कारण नुसत्या पडापडीला ज्युरी काय मार्क देणार?

नको घालूस. एकटेपणा मोठा विषय आहे, त्यावर वेगळी फिल्म कर, मी लागेल ती मदत करीन. या कावळ्याच्या पाठीवर मात्र ते ओझं टाकू नकोस. मुळात तुझी अडचण संदेशाची नाहीच, ती शॉट 14 मध्ये आहे, आणि ती तुला चार महिन्यांत दिसली नाही याचा मला खरोखर राग आलाय.

शॉट 14 उघड. कावळा वलणीवर बसून चोचीनं चिमटा ओढतो. वरच्या दोरीवर आजीचं ओलं नऊवारी लुगडं लोंबतंय. चिमटा निघतो आणि पुढच्या तिसऱ्या फ्रेमला, म्हणजे पापणी लवायच्या आत, लुगडं त्याच्या डोक्यावर. तिसऱ्या! अगं, कुणी पाहायचं ते? चिमटा निघाला हे माझ्या डोळ्यांनी टिपेपर्यंत कावळा गाडला गेलेला असतो. मी हसायला तयार होतो, तू मला वेळच दिला नाहीस. चिमटा निघू दे. लुगडं तसंच लोंबकळत राहू दे. कावळ्याला वर बघू दे. मग त्याला आमच्याकडे बघू दे. आणि मग पाड.

पडण्याआधी थांबव. एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय, बाकी सगळं त्याच्या अवतीभवती येईल.

तू म्हणतेस, रोड रनरची, म्हणजे त्या भरधाव पळणाऱ्या पक्ष्याची आणि त्याच्या मागे लागलेल्या कोल्ह्यासारख्या कोयोटीची, सगळी कार्टून्स पाहिलीस. पाहिलीस म्हणजे काय केलंस? मोजलीस का? 1949 साली चक जोन्सनं वॉर्नर ब्रदर्ससाठी पहिलं केलं, लिहिणारा मायकेल माल्टीज. कोयोटी कड्याच्या बाहेर धावत जातो आणि हवेत उभा राहतो. जोवर खाली बघत नाही तोवर पडत नाही. बघतो, कळतं, मग आमच्याकडे बघतो, आणि जातो. वरून दिसणारा तो लहान लहान होत जाणारा ठिपका जोन्सनं मोजून ठेवला होता. दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, आणि त्यानंतर 14 फ्रेमनी खाली धुळीचा छोटा ढग. त्यानं सांगून ठेवलंय की 13 फ्रेमना हसू येत नव्हतं, 15 फ्रेमनाही येत नव्हतं, 14 ला यायचं. सेकंदाला 24 फ्रेम असतात. म्हणजे हा माणूस सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी भांडत होता. आणि तू मला विचारतेस की या फिल्ममध्ये सांगण्यासारखं काय आहे!

त्या थांब्यात काय होतं, नीट बघ. पायाखाली जमीन नाही हे आम्हाला आधी कळलेलं असतं, कोयोटीला नंतर कळतं. या दोन कळण्यांच्या मधल्या जागेत प्रेक्षक बसलेला असतो. ती जागा तीन फ्रेमची केलीस तर प्रेक्षकाला बसायला जागाच उरत नाही. धप्प आवाज होतो, आणि धप्प आवाजाला कुणी हसत नाही.

दिवाळीतला सुतळी बॉम्ब आठव. वात पेटवून सगळे पळतात, कानांवर हात, डोळे बारीक. बॉम्ब वाजत नाही. कुणी बोलत नाही. मग एक जण, तो प्रत्येक वाड्यात असतोच, हळूहळू पुढे सरकतो, मान लांब करून बघतो. त्या क्षणी अख्खा वाडा श्वास रोखून उभा असतो. बॉम्ब नंतर वाजो की फुसका निघो, मजा सगळी त्या सरकण्यात. नाटकवाले यालाच पॉज घेणं म्हणतात, आणि ज्याला पॉज घेता येत नाही त्याला चांगलं वाक्य मिळूनही लाफ्टर मिळत नाही. तमाशातल्या बतावणीतला सोंगाड्याही उत्तर ओठांवर धरून ठेवतो. तू हे सगळं पाहत मोठी झालीस. मग टाइमलाइनसमोर बसल्यावर एवढी घाई कुठून येते?

घाई कुठून येते ते मला ठाऊक आहे. रिकामी फ्रेम दिसली की आपल्याला अपराध्यासारखं वाटतं. काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर आपण काम केलं नाही असं लोक म्हणतील. मीही तेच मानलं आणि त्याची किंमत मोजली.

1997 ची गोष्ट. मुंबईतल्या एका स्टुडिओत मी इनबिटवीनर होतो. परदेशी मालिकांचं काम यायचं. कीज, म्हणजे हालचालीची मुख्य चित्रं, तिकडून येत, मधली चित्रं आम्ही भरायचो. कार्टून नेटवर्क आपल्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. मी टॉम अँड जेरी व्हीसीआरवर टेप करायचो आणि रात्री एकेक फ्रेम पुढे सरकवत वहीत आकडे लिहायचो. सुटी झाल्यावर लाइट बॉक्सवर बसून चाळीस सेकंदांची एक पेन्सिल टेस्ट, म्हणजे नुसत्या पेन्सिलच्या चित्रांची फिल्म, केली. एक रंगारी शिडीवर उभा आहे, शिडी खालून सरकते, आणि तो चुन्याचा डबा धरून तसाच हवेत. बारा चित्रं तो उभा होता, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे एक सेकंद. त्या एका सेकंदात तो डब्यात बघतो, ब्रश नीट कडेला ठेवतो, आणि वर आमच्याकडे बघतो. ब्रश कडेला ठेवण्याची तीन चित्रं मी आठ दिवस काढत होतो.

स्टुडिओनं ती टेस्ट पाहुण्यांना दाखवायच्या रीळमध्ये घ्यायचं ठरवलं. आमचे वरिष्ठ म्हणाले, हा माणूस बारा चित्रं नुसता उभाच आहे, काढून टाक. मी काढून टाकली. एका शब्दानंही विरोध केला नाही. दाखवली तेव्हा खोलीत वीसेक माणसं होती. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, लाइन स्वच्छ आहे. झालं. मला वाटलं, आपल्याला विनोद जमत नाही. त्यानंतर वीस वर्षं मी हात धुवा, पाणी उकळा, शाळेत जा अशा फिल्म केल्या.

त्या फिल्म वाईट नव्हत्या, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. गावोगावी दाखवल्या गेल्या. आईचं डायलिसिस चालू होतं, घर भाड्याचं होतं, आणि महिन्याच्या एक तारखेला पगार हवा होता. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएमसाठी 1940 पासून टॉम अँड जेरीची 114 कार्टून्स केली, सात ऑस्कर मिळवली, तरी 1957 मध्ये त्यांचा विभाग बंदच झाला. मग त्यांनीही टीव्हीसाठी थोडक्या चित्रांत भागवणारी मालिका केली, हालचालीच्या जागी बोलणं आणलं. घर चालवायचं असतं. त्याबद्दल मला कुणी बोल लावू नये. पण ती बारा चित्रं काढून टाकताना आईचं आजारपण नव्हतं, भाडं नव्हतं. तिथे फक्त एक माणूस होता जो म्हणाला, आणि मी होतो, जो गप्प बसला. घर चालवणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी मी पुढे वीस वर्षं एकत्र मोजल्या, ही माझी चूक.

म्हणून तुझ्या गाइडचं म्हणणं वाचल्यावर मला पुन्हा तीच खोली दिसली. ते वाईट मनानं बोलत नसतील. त्यांना वाटतं, या फिल्म पोराटोरांच्या. तर त्यांना सांग की ही कार्टून्स थिएटरमध्ये मुख्य चित्रपटाच्या आधी लागायची, समोर मोठी माणसं बसलेली असायची. लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीवर बेतलेलं टॉमच्या मैफलीचं कार्टून पुन्हा बघ, ऑस्कर मिळालेलं. टॉम ऐटीत पियानोवर बसलाय, आत जेरी झोपलाय. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत आणि मारामारी यांचं माप एकच आहे. एक सूर इकडेतिकडे केलास तर थप्पड चुकेल. हे काम ज्याला पोरखेळ वाटतं त्यानं एक थप्पड आधी टायमिंगमध्ये बसवून दाखवावी.

हिंसेचं तू विचारलंस ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार काही नाही. जोन्सनं स्वतःला नियम घालून घेतले होते. कोयोटीला इजेपेक्षा फजिती जास्त व्हायला हवी, आणि रोड रनर त्याला बीप बीप करण्यापलीकडे काही करणार नाही. जे होतं ते कोयोटीच्या स्वतःच्या हव्यासानं आणि गुरुत्वाकर्षणानं. तुझ्या आजीचंही तेच आहे. ती कावळ्याला एकदाही काठी मारत नाही, डुलक्या घेत बसते, आणि कावळा आपल्याच युक्तीत अडकतो. हे तुला न शिकवता सुचलंय. त्या दिवशी मला तुझा केवढा अभिमान वाटला होता, सांगितलं नाही तेव्हा.

एक मात्र चुकीचं समजू नकोस. थांबव म्हणजे सगळं संथ कर असं नाही. 1942 च्या डोव्हर बॉइज या कार्टूनमध्ये जोन्सच्या माणसांनी काय केलंय पाहा. पात्र एका पवित्र्यात घट्ट उभं, आणि दुसऱ्या पवित्र्यात जाताना मध्ये नुसतं एखादं फासटलेलं चित्र, अंग रबरासारखं लांब ओढलेलं. डोळ्याला ते दिसतही नाही, झटका तेवढा जाणवतो. थांबा लांब, हालचाल आखूड. तू उलटं केलंयस. तुझा कावळा सतत फडफडतोय, म्हणून तो कधी घाबरला तेच कळत नाही. शॉट 9 मध्ये तो कुरडईजवळ पावलं टाकत येतो तिथे मधली निम्मी चित्रं काढून टाक. त्याला दोन पावलांच्या मध्ये दगडासारखा उभा कर. आजीचा घोरण्याचा सूर बदलला की डोळा तेवढा फिरू दे, मान नको.

आणि शेवटचा पसारा वाढव. टेक्स ॲव्हरीच्या 1949 च्या काळ्या मांजराच्या कार्टूनमध्ये शिट्टी वाजली की मांजर आडवं जातं आणि बुलडॉगच्या डोक्यावर काहीतरी पडतं. आधी कुंडी, मग पियानो, असं करत करत शेवटी जहाज. शिट्टी ऐकली की आपण वर बघायला लागतो, ही सवय त्यानं आपल्याला लावलेली असते. तुझ्याकडे चिमटा आहे. चिमटा निघाल्याचा तो टक् आवाज प्रत्येक वेळी तोच ठेव. पहिल्यांदा लुगडं, मग गोधडी, मग अख्खी वलणी बांबूसकट. तिसऱ्या वेळी टक् झाल्यावर लगेच काहीच पडू देऊ नकोस. जितका वेळ धीर धरवेल तितका धर. आणि धीर सुटला की आणखी चार फ्रेम.

तू म्हणशील, सर, गाइड पुन्हा तेच म्हणाले तर? तर भांड. सभ्यपणे, आकडे समोर ठेवून भांड. मोबाइलवर दोन रूपं घेऊन जा, एक तीन फ्रेमचं आणि एक थांबलेलं, आणि कॅन्टीनमध्ये जे भेटतील त्यांना न सांगता दाखव. त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, स्क्रीनकडे बघू नकोस. कुठे हसतात ते फ्रेम नंबरासकट लिहून आण. एवढं करूनही मार्क कापले तर कापू देत. मी कापून घेतले असते तर बरं झालं असतं.

तू सेकंदाला 25 फ्रेमच्या सेटिंगवर काम करतेस, तेव्हा जोन्सचे 14 जसेच्या तसे उचलू नकोस. लुगडं म्हणजे कडा नव्हे, ओल्या कापडाला वजन असतं. तुझा आकडा तुलाच शोधावा लागेल. शॉट 14 ची चार रूपं कर, 10, 14, 18 आणि 22, आणि आधी तुझ्या घरच्या आजीला दाखव. रविवारी अकरा वाजता ये. रंगाऱ्याची ती बारा चित्रं मी फेकली नव्हती, कपाटात वरच्या फळीवर आहेत. कागद पिवळे पडलेत, पण कागद एकमेकांवर जुळवायची पेगची भोकं शाबूत आहेत. स्कॅनर घेऊन ये, ती पुन्हा आत घालून बघू.

तुझा,
सर