वाचकांचे प्रश्न : ब्लीच प्लांटमधील जुने पंप

या वेळच्या टपालात कागदाच्या कारखान्यातील लगदा विरंजनाच्या (लगदा पांढरा करण्याच्या) विभागातील, म्हणजे ब्लीच प्लांटमधील पंपांविषयी चार पत्रे आली. चारही पत्रे एकमेकांना लागून असल्याने ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : आमचा ब्लीच प्लांट उभारला तेव्हा त्याचा पहिला टप्पा क्लोरीनचा होता. पुढे तो क्लोरीन डायऑक्साइडचा झाला, पण पंप तेच राहिले. गेल्या वर्षभरात पहिल्या टप्प्याच्या एकाच फिल्ट्रेट (लगद्यातून गाळून निघालेले पाणी) पंपाचे बेअरिंग तीनदा आणि शाफ्ट स्लीव्ह (शाफ्टवरची संरक्षक नळी) चारदा बदलावी लागली. व्यवस्थापनाने सहा पंप बदलण्यास मंजुरी दिली आहे. जुन्याच मापाचे नवे पंप घेतले तर पाया आणि पाइपिंग यांना हात लावावा लागणार नाही. हा विचार बरोबर आहे का? — एक देखभाल अभियंता

उत्तर : आपल्या पत्रातील कळीचा मजकूर बेअरिंगविषयीचा नाही; ‘पंप तेच राहिले’ हा आहे. जुन्या पद्धतीत क्लोरीनचा टप्पा सुमारे ३.५ टक्के कन्सिस्टन्सीवर, म्हणजे लगद्यात कोरड्या तंतूंचे वजनी प्रमाण तेवढे ठेवून, चालवला जात असे. एक टन कोरड्या तंतूंसाठी त्या कन्सिस्टन्सीला साधारण २८.६ टन लगदा हलवावा लागतो. १० टक्क्यांना तो १० टनच भरतो. मधला १८.६ टनांचा फरक म्हणजे वॉशरवरून (लगदा धुणाऱ्या यंत्रावरून) येणारा घट्ट लगदा पातळ करण्यासाठी लागणारे फिल्ट्रेट, आणि ते पुरवण्याचे काम नेमके आपल्या पंपाकडे असले पाहिजे. टप्पा मध्यम, म्हणजे सुमारे १० टक्के, कन्सिस्टन्सीवर गेल्यावर हे काम जवळजवळ संपले. पंप मात्र पूर्वीच्याच ताकदीचा उभा आहे, आणि पुढचा व्हॉल्व्ह आवळून त्याला अडवून धरले जात आहे.

सेंट्रिफ्यूगल पंपाला असे अडवून धरलेले सोसत नाही. त्याच्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूपासून प्रवाह फार खाली आला, की केसिंगमधील (पंपाच्या कवचातील) दाब इम्पेलरभोवती, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकाभोवती, सारखा राहत नाही. एका बाजूचा रेटा वाढून शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकतो. हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण स्लीव्ह काढून तिच्यावर नख फिरवले तर पॅकिंगने (गळती रोखण्यासाठी शाफ्टभोवती गुंडाळलेल्या दोरीने) पाडलेली खाच लागते आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर एकाच बाजूला झिजेचा पट्टा दिसतो. पुढच्या वेळी स्लीव्ह बदलताना एवढे अवश्य पाहावे. पट्टा एकाच बाजूला असेल तर दोष बेअरिंगच्या दर्जाचा नाही, आणि जुन्याच मापाचा नवा पंप आणल्यास तेच दुखणे नव्या रंगात परत येईल.

म्हणून खरेदीआधी तीन-चार आठवडे पंपाची नोंद ठेवावी. सक्शन आणि डिलिव्हरी या दोन्ही बाजूंना चांगले प्रेशर गेज बसवावेत, मोटरने घेतलेली वीज, व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते आणि फिल्ट्रेटचे तापमान प्रत्येक पाळीत लिहून घ्यावे, आणि हे बिंदू पंपाच्या मूळ आलेखावर (प्रवाह आणि दाब यांच्या) मांडावेत. कंट्रोल व्हॉल्व्ह बारा महिने ३० ते ४० टक्केच उघडा राहत असेल, तर उत्तर बहुधा लहान पंप हे असते आणि कधी कधी जुन्याच पंपाचा इम्पेलर कापून लहान करणे एवढेच असते. हा दुसरा उपाय इतका स्वस्त आहे की तो सुचवणाऱ्याकडे बैठकीत कोणी फारसे लक्ष देत नाही.

बिंदू आलेखाच्या खाली पडत असतील, तर मात्र पंप झिजलेला आहे. उघड्या इम्पेलरच्या पंपात इम्पेलर आणि वेअर प्लेट (त्याच्यासमोरची, झीज सोसणारी प्लेट) यांमधील फट वाढली की पाणी आतल्या आतच फिरत राहते. ताशी ५०० घनमीटर पाणी ३० मीटर उचलायचे असेल तर निव्वळ ४१ किलोवॉट लागतात. पंपाची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर शाफ्टवर सुमारे ५१ आणि ६० टक्के असेल तर सुमारे ६८ किलोवॉट द्यावे लागतात. हा १७ किलोवॉटचा फरक वर्षातील ८,००० तास चालला तर १,३६,००० युनिट होतात. यातील बराच भाग फट नव्याने जुळवून परत मिळतो. त्यासाठी केसिंगही उघडावे लागत नाही; बेअरिंग हाउसिंगवरचे स्क्रू फिरवून काम होते, अर्थात प्लेट पुरती खाल्ली गेलेली नसेल तर.

पाया आणि पाइपिंग न बदलण्याविषयी मी आपल्याशी सहमत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी नवाकोरा पंप सहा आठवड्यांत सील गमावताना पाहिला. शेवटी एका जुन्या फिटरने डिलिव्हरी फ्लँजचे बोल्ट सोडून पाहिले, तेव्हा पाइप बोटभर बाजूला उडाला. इतकी वर्षे तो ताण जुन्या पंपाच्या जाड केसिंगने निमूट सोसला होता. पंप उचलल्यावर पाइप मोकळा असताना फ्लँज समोरासमोर येतात की नाही ते पाहावे, बेसप्लेटखालचे ग्राउट (ओतीव भराव) हातोडीने ठोकून पोकळ वाजते का ते ऐकावे आणि सक्शनला लागूनच एल्बो असेल तर याच शटडाउनमध्ये तो दूर सरकवावा.

तापमानाचेही पाहावे. क्लोरीनचा टप्पा बराच थंड चालत असे; आता फिल्ट्रेट पुष्कळ गरम असते. ३० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब अर्धा मीटर जलस्तंभाइतकाही नसतो, ८० अंशांना तो सुमारे ५ मीटर होतो. पाण्याची पंपात वाफ होऊ नये म्हणून लागणारी सक्शनच्या दाबाची शिल्लक तेवढी कमी झालेली असते, आणि पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल तर तो बहुधा याचाच असतो.

प्रश्न : डायऑक्साइड टप्प्याच्या मध्यम कन्सिस्टन्सी पंपाचा अँपिअर काटा सतत खालीवर होतो, आणि स्टँडपाइपची (पंपाच्या आधीच्या उभ्या नळाची) पातळीही डळमळते. वीज वाचेल आणि पातळीही स्थिर होईल म्हणून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवण्याची सूचना आली आहे. — ब्लीच प्लांटचे एक पाळीप्रमुख

उत्तर : सूचना वाईट नाही, पण ती या दुखण्यावरची नाही. १० टक्क्यांचा लगदा हातात घेतला तर तो ओल्या कापसासारखा लागतो. तो आपणहून वाहत नाही. त्याला पुरेसा जोराचा घुसळा दिला की तंतूंचे जाळे क्षणभर सुटते आणि तो पाण्यासारखा वाहू लागतो, या तत्त्वावर हा पंप उभा आहे. फिनलंडमध्ये योहान गुलिक्सेन यांच्या कामातून हे तंत्र पुढे आले आणि त्याबद्दल त्यांना मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी घट्ट लगदा दोन रोटरच्या विस्थापन पंपांनी ढकलला जाई, आणि एखादा हरवलेला बोल्ट लगद्यातून आला की रोटरचे काम आटोपत असे.

इम्पेलरच्या पुढचा घुसळणारा भाग ठरावीक वेगाखाली गेला तर जाळे सुटतच नाही. व्हीएफडी लावायचाच असेल तर किमान वेगाची मर्यादा उत्पादकाकडून लेखी घ्यावी आणि ड्राइव्हमध्ये ती कुलूपबंद करावी. शिवाय ही मर्यादा कन्सिस्टन्सीवर अवलंबून असते. वॉशरवरून १० ऐवजी १२ टक्क्यांचा लगदा आला तर जाळ्याची ताकद पाचव्या हिश्श्याने नव्हे, त्याहून पुष्कळ जास्त वाढते, आणि काल चालणारा वेग आज पुरत नाही.

आता डळमळणाऱ्या काट्याविषयी. घट्ट लगदा आपल्याबरोबर भरपूर हवा आणतो. पंपात लगदा गरगर फिरताना जड भाग बाहेर आणि हवा मध्याशी गोळा होते. तेथून ती इम्पेलरच्या छिद्रांतून मागे व्हॅक्यूमने ओढून काढली जाते. ही वाट तंतूंनी बुजली की हवेचा फुगा वाढतो, दाब पडतो, मोटरचा भार उतरतो आणि स्टँडपाइप भरू लागते. मग चढलेल्या पातळीच्या वजनाने फुगा दबतो, पंप एकदम ओढू लागतो आणि पातळी कोसळते. आपला काटा हेच सांगत असावा. आधी डीगॅसिंग (हवा काढून नेणारी) लाइन आणि तिचे फ्लशिंग पाणी तपासावे, व्हॅक्यूम पंपाला सील पाणी थंड आणि पुरेसे मिळते का ते पाहावे, आणि मगच ड्राइव्हकडे वळावे.

वीज वाचवण्याची हौस फिल्ट्रेट पंपांवर भागवता येईल, पण तेथेही हिशेब करूनच. वेग १० टक्क्यांनी कमी केला की वीज २७ टक्क्यांनी कमी होते हे गणित सर्वांना पाठ असते; ते घर्षणापुरतेच खरे आहे. पाणी २० मीटर उंच चढवायचे आहे आणि पूर्ण वेगाने बंद व्हॉल्व्हवर पंप ३६ मीटर दाब देतो असे समजा. ८० टक्के वेगाला तो २३ मीटर देईल. ७० टक्क्यांना १७.६ मीटरच देईल, म्हणजे वर थेंबही जाणार नाही आणि केसिंगमधले पाणी तापत राहील.

प्रश्न : डायऑक्साइड टप्प्याचा टायटॅनियमचा एक पंप सुट्या साठ्यात पडून आहे. पेरॉक्साइड टप्प्याच्या पंपाचे माप तेच आहे. महागडा धातू तेथे जास्तच टिकेल ना? — भांडार विभागातील वाचक

उत्तर : नाही. टायटॅनियमला क्लोरीन डायऑक्साइडच्या आम्लधर्मी द्रावात संरक्षण देणारा ऑक्साइडचा थर गरम, अल्कलीयुक्त पेरॉक्साइडमध्ये विरघळतो आणि धातू सगळीकडून पातळ होत जातो. अल्कलीच्या टप्प्यांना ड्युप्लेक्स स्टेनलेस स्टील पुरते. उलट चूकही तितकीच महाग पडते : ३१६ एल स्टीलचा इम्पेलर डायऑक्साइडच्या फिल्ट्रेटमध्ये खड्डे पडून चाळणीसारखा होतो. तेथे टायटॅनियम किंवा ६ टक्के मॉलिब्डेनम असलेले स्टेनलेस लागते. पाण्याचे चक्र बंद करत नेणाऱ्या कारखान्यांत फिल्ट्रेटमधले क्लोराइड वाढत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी टिकलेला धातू आज टिकेलच असे धरू नये. साठ्यातील त्या पंपावर टप्प्याचे नाव रंगाने ठळक लिहून ठेवावे.

प्रश्न : सर्व पंपांचे ग्लँड पॅकिंग (ग्लँड म्हणजे पॅकिंग दाबून धरणारा भाग) काढून मेकॅनिकल सील (एकमेकांवर टेकलेल्या दोन सपाट चेहऱ्यांनी गळती रोखणारे) बसवावेत असा आदेश आला आहे. एकाच शटडाउनमध्ये हे करावे का? — एक फिटर

उत्तर : आदेशामागे कारण आहे. समजा एका ग्लँडला मिनिटाला १० लिटर पाणी जाते. दिवसाला ते १४.४ घनमीटर होते आणि असे ४० पंप असले तर ५७६ घनमीटर. त्यातले काही लगद्यात शिरून रसायन पातळ करते आणि उरलेले सांडपाण्यात जाते. डायऑक्साइडच्या पंपांवर तर प्रश्न माणसांचा आहे, कारण अनेक देशांत ८ तासांच्या पाळीसाठी हवेतील या वायूची मर्यादा ०.१ पीपीएम इतकीच आहे. त्यामुळे सुरुवात तेथून, दुहेरी सीलने करावी.

पण ज्या पंपाचा शाफ्ट डायल गेजवर डोलतो, त्यात सील घालू नये. पॅकिंग ते डोलणे सामावून घेते. सीलचे दोन घासलेले चेहरे घेत नाहीत, आणि तंतू त्यांच्या फटीत जाऊन बसतात. अशा पंपाचे आधी बेअरिंग, शाफ्ट आणि अलाइनमेंट नीट करावे किंवा जाड शाफ्टचा पूर्ण पाठीमागचा भागच नवा घ्यावा. अनेक पंपांमध्ये तो जुन्या केसिंगमध्ये बसतो. तोवर पॅकिंग राहू द्यावे, त्याच्या पाण्याचा दाब ग्लँडमधील दाबापेक्षा सुमारे १ बार जास्त ठेवावा, आणि ग्लँडमधून थेंब पडतो म्हणून पाना घेऊन नट आवळू नये. तो थेंब पॅकिंगला थंड ठेवतो, आणि आवळलेल्या ग्लँडची स्लीव्ह कशी दिसते ते पहिल्या पत्राच्या उत्तरात आलेच आहे.