मलाच माहीत नाही, तर स्टाफला काय सांगू?

ते पहिल्यांदा आले तेव्हा शर्टाच्या खिशात नोटिशीचा कच्चा मसुदा होता, चार घड्या घातलेला. तालुक्याच्या गावातल्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेलं.

झोपेवरून बोलणं लवकरच कॉलेजवर आलं. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, संपल्या तेव्हा पहिल्या वर्षाला सगळ्या शाखा मिळून दहा मुलं. पगार चार महिने थकलेले. पुढच्या वर्षापासून कॉलेज टप्प्याटप्प्याने बंद करायचा अर्ज संस्थेने एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे, केलेला, आणि स्टाफला यातलं एक अक्षर कुणी सांगितलेलं नाही. स्टाफरूमवरून जायला नको म्हणून सर मागच्या जिन्याने केबिन गाठायचे.

"मॅडम, ट्रस्टी म्हणतात पत्र येईपर्यंत बोलायचं नाही. आणि मलाच माहीत नाही, तर काय सांगू?"

ही काळजी मी मुख्याध्यापकांकडून, सुपरवायझरांकडूनही ऐकली आहे. पूर्ण उत्तर हाती नसताना तोंड उघडलं तर घबराट होईल, असं त्यांना मनापासून वाटतं. मला मात्र उलट दिसत आलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक प्रयोग झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. विजेचा सौम्य झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांना जेवढा ताण आला, त्यापेक्षा बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना जास्त आला होता. सरांचा स्टाफ चार महिने त्याच निम्म्या-निम्म्यात बसला होता.

मी मसुदा उलगडला. पहिलंच वाक्य: "सर्व कर्मचाऱ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

"अफवा काय आहे, सर?"

"जूनमध्ये गेटला कुलूप लागणार."

"आणि खरं काय?"

मग ते सलग वीस मिनिटं बोलले. टप्प्याटप्प्याने बंद करायच्या पद्धतीत फक्त पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत असलेल्या मुलांना पदवी पूर्ण करता येते. अर्ज मंजूर झाला तर ती दहा मुलं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जूननंतर आणखी तीन वर्षं वर्ग चालतील. वर्कलोड मात्र दरवर्षी घटणार, त्यामुळे सगळ्यांची नोकरी टिकणार नाही. हे सगळं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ही सांगण्याजोगी माहिती आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अफवांचं वाक्य त्यांनी स्वतःच्या पेनने खोडलं. ट्रस्टींकडे "बोलू का?" असं न विचारता "एवढी चार वाक्यं बोलतो" असं लिहून न्यायचं ठरलं. दोन वाक्यांना होकार मिळाला. माझा आग्रह एकच होता: पगाराची तारीख माहीत नसेल तर "लवकरच" म्हणायचं नाही, माहीत नाही असंच म्हणायचं. आणि पुढच्या बैठकीचा वार तिथेच सांगून उठायचं.

पहिली बैठक वाईट झाली. एक ज्येष्ठ प्राध्यापिका उभ्या राहून म्हणाल्या, "हे दिवाळीपूर्वी सांगितलं असतंत तर मी फ्लॅटचं बुकिंग केलं नसतं." सरांनी त्यांची माफी मागितली, सगळ्यांसमोर. माझ्याकडे आले तेव्हा ते वाक्य सांगताना त्यांचे डोळे भरले. मी गप्प राहिले. त्या बाईंचं खरं होतं.

दुसऱ्या शुक्रवारी सांगायला नवीन काहीच नव्हतं, म्हणून सर बैठक रद्द करणार होते. "नवीन काही नाही, हेच सांगायला घ्या," मी म्हटलं. त्या दिवशी अवघी दहा मिनिटं बैठक झाली. उठता उठता लॅब असिस्टंटनी विचारलं, पुढच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलचं सामान मागवायचं का? आणि शिपाईमामांनी, यंदा गॅदरिंग आहे का?

दोन्हींची उत्तरं सरांकडे होती. सामान मागवायचं. गॅदरिंग करायचं, मांडव न घालता, हॉलमध्ये.

पगार अजून दोन महिन्यांचा बाकी आहे. दोघांनी दुसरीकडे नोकरी धरली. सरांची झोप पूर्ण सुधारलेली नाही, पहाटेची जाग आठवड्यातून एक-दोनदा येते. मागच्या भेटीत त्यांनी माझ्याकडची शुक्रवारची वेळ बदलून मागितली; त्या वेळेला स्टाफ वाट बघत असतो, म्हणाले.