गुळाचा चहा फाटतो, काय करू?

प्रश्न: ताई, सासऱ्यांना गुळाचाच चहा लागतो, पण मधनं मधनं दूध फाटतं आणि सगळा चहा ओतून द्यावा लागतो. भाच्यानं दार्जिलिंगची पत्ती आणलीय, तीपण अशीच उकळायची का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अहो, सांगलीत राहून गुळाचा चहा सोडायचा नाही हां! गूळ जरा आम्लधर्मी असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं, आणि दूध सकाळचं राहिलेलं असेल तर हमखास. तर असं करा, पाण्यात आलं ठेचून टाका, नेहमीची सीटीसी पावडर, म्हणजे आपली दाणेदार चहा पावडर, घालून दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, दूध वेगळं तापवून त्यात ओता, एक उकळी आली की गॅस बंद, मिनिटभर थांबून मग किसलेला गूळ घालून ढवळायचं आणि परत गॅसवर ठेवायचं नाही म्हणजे नाहीच. गूळ काळपटच घ्या, पिवळाधमक दिसायला छान पण रंग उजळायला त्यात बऱ्याचदा केमिकल घातलेलं असतं.

दार्जिलिंगची पत्ती मात्र प्लीज उकळू नका, सगळा वास उडून जातो. पाणी उकळून गॅस बंद करा, कपाला एक छोटा चमचा पत्ती, झाकण ठेवून तीन मिनिटं, मग गाळायचं. दूध नको, आलं तर अजिबात नको. तीच पत्ती परत एकदा चालते, फक्त दुसऱ्या वेळी मिनिटभर जास्त ठेवा.