मुलींच्या शाळेचा निधी: वर्गखोल्यांपलीकडचा हिशेब

प्रश्न: मलावीतल्या एका खेड्यात मुलींची माध्यमिक शाळा बांधण्यासाठी आमचा गट निधी गोळा करणार आहे. चार वर्गखोल्यांचा अंदाजखर्च काढून ठेवला आहे. आवाहनात तोच आकडा द्यावा का?

उत्तर: तो आकडा अपुरा पडेल. मलावीत माध्यमिक शिक्षण फॉर्म १ ते फॉर्म ४ असं चार वर्षांचं असतं, त्यामुळे चार खोल्या बरोबर आहेत. पण मुली शाळा सोडतात त्या शाळा लांब पडते म्हणून, पाण्याची आणि शौचालयाची सोय नसते म्हणून, नाहीतर लग्न लावून दिलं जातं म्हणून. २०१७ च्या घटनादुरुस्तीनंतर लग्नाचं किमान वय १८ झालं आहे, तरी कमी वयात लग्नं होतातच. वसतिगृह नसलं की लांबच्या गावच्या मुली शाळेजवळ खोली घेऊन एकट्या राहतात. तिथे याला 'सेल्फ बोर्डिंग' म्हणतात. या मुलींवर ना घरचं लक्ष असतं ना शाळेचं, म्हणून वसतिगृह 'पुढे बघू' या खात्यात टाकू नका. दोन वर्गखोल्या आणि वसतिगृह एवढंच पहिल्या टप्प्यात झालं, तरी ते वसतिगृहाविना चार खोल्यांपेक्षा आम्हाला चांगलं वाटतं.

आता आकडे. वर्गात ४५ धरल्या तर १८० मुली. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष २५ मुलींमागे एक शौचालय असा आहे, म्हणजे आठ, आणि शिक्षिकांसाठी निदान एक वेगळं. प्रत्येकाला दार आणि आतून कडी हवी. निदान दोन ठिकाणी आतच पाणी, कपडे धुण्याची आडोशाची जागा आणि झाकणाचा डबा हवा, नाहीतर पाळीच्या दिवसांत मुली घरी बसतात.

पाणी दिवसा येणाऱ्या मुलीमागे ५ लिटर आणि राहणाऱ्या मुलीमागे २० लिटर धरतात. सगळ्या जणी राहणार असतील तर रोज ३,६०० लिटर झाले. एक अफ्रिदेव हातपंप साधारण २५० माणसांसाठी धरतात. म्हणजे हिशेबाने तो पुरतो, पण गावातल्या बायकाही त्याच पंपावर येणार, आणि त्यांना अडवूही नये. म्हणून सौर पंप आणि टाकी खर्चात धरा. बोअर कोरडी गेली तरी खोदाईचे पैसे द्यावेच लागतात. आधी भूजल सर्वेक्षण करून घ्या आणि दुसऱ्या बोअरची रक्कम बाजूला ठेवा. पाणी सर्वांत आधी, कारण बांधकामालाही तेच लागतं.

शिक्षकांची घरं बहुतेक आवाहनांत नसतातच. खेड्यात राहायला घर नसलं तर शिक्षक बदली करून घेतात. दोन घरं तरी धरा.

प्रश्न: निम्मे पैसे जमले की काम सुरू करावं का? उरलेले काम बघून येतील.

उत्तर: करू नका. एक इमारत छतापर्यंत नेण्याएवढे पैसे हातात असल्याशिवाय पाया खणू नये. मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. पाया मे महिन्यात आणि छत ऑक्टोबर संपायच्या आत, असंच वेळापत्रक बसतं. भाजलेल्या विटांच्या भट्ट्यांना फार लाकूड लागतं, म्हणून मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा वापरतात. त्या दोन-तीन आठवडे झाकून ओल्या ठेवाव्या लागतात. घाईत हेच चुकतं आणि विटांच्या कडा ढासळतात. छताविना पावसात उभी राहिलेली भिंत तर वाचत नाहीच. छताची लाकडी चौकट लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत खोलवर बांधून घ्या, कारण वाऱ्याने पत्रे चौकटीसकट उडतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या चलनाचं, क्वाचाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं, त्यामुळे त्याआधीचा अंदाज असेल तर तो नव्याने काढायलाच हवा. निधी स्थिर चलनात ठेवा आणि पाया, भिंती, छत, उरलेलं काम अशा टप्प्यांनी, झालेलं काम मोजून पाठवा. १५ टक्के अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी राखा. पत्रे आधी घेऊन ठेवता येतात. सिमेंट मात्र लागेल तसंच घ्या, दमट हवेत ते तीन महिन्यांत कमजोर होतं. ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के एक पावसाळा गेल्यावरच द्या.

या सगळ्याआधी दोन कागद हवेत. जमीन शाळेच्या नावावर झाल्याचा पहिला, कारण गावप्रमुखाचा तोंडी होकार पुढच्या प्रमुखाला बांधील नसतो. दुसरा शिक्षण मंत्रालयाचा, त्यात शिक्षक कोण नेमणार आणि पगार कोण देणार हे स्पष्ट लिहिलेलं असावं. हा दुसरा कागद नसेल तर आवाहनच काढू नका.

प्रश्न: जुनी पुस्तकं आणि बाकं कंटेनरने पाठवली तर?

उत्तर: मलावीला समुद्रकिनारा नाही. माल शेजारच्या देशातल्या बंदरात उतरतो, मग रस्त्याने जातो. या वाहतुकीला आणि सीमाशुल्काला लागणाऱ्या पैशांत तिथल्या सुतारांकडून बाकं करून घेता येतात, आणि ती मोडली तर दुरुस्तही तेच करतात. पुस्तकं तिथल्या अभ्यासक्रमाचीच लागतात, कारण फॉर्म ४ ची परीक्षा मलावीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं.