‘सर्व इनपुट तपासलेले’ असे लिहिले, पण फोनो तपासलाच नव्हता

नाशिकच्या एका वाचकांनी घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर 22,000 रुपयांना विकला. जाहिरातीत ‘सर्व इनपुट तपासलेले, उत्तम चालू, विकलेला माल परत घेणार नाही’ असे लिहिले, घरात रेकॉर्ड प्लेयर नसल्यामुळे फोनो (रेकॉर्ड प्लेयर जोडण्याचे इनपुट) मात्र लावून पाहिलाच नव्हता. पाच आठवड्यांनी खरेदीदार म्हणतो की फोनोवर डावी बाजू मुकी आहे, पैसे परत द्या, नाहीतर पोलिसांत जातो. पैसे द्यावेच लागतील काय, असे ते विचारतात. जुने कॅमेरे आणि दुचाकी विकणाऱ्यांचीही पत्रे याच धाटणीची असतात.

‘परत घेणार नाही’ या वाक्यावर आपण विसंबून आहात, पण निकाल ‘तपासलेले’ या शब्दावर लागेल. आपण व्यापारी नाही. त्यामुळे वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 खालील दर्जाची गर्भित (न लिहिताही कायदा गृहीत धरतो ती) हमी आपल्यावर सहसा लादता येत नाही, आणि करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नुसते मौन ही एरवी फसवणूक ठरत नाही. ‘फोनो तपासलेला नाही’ एवढे लिहिले असते, तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. फोनो चालू असेल असे आपल्याला मनापासून वाटत होते, हे मान्य करू. परंतु तो तपासलेला नाही, हे तर लिहितानाही आपल्याला ठाऊक होते; म्हणून हे नुसते मौन नव्हे, जाणूनबुजून केलेले चुकीचे विधान ठरू शकते. सीडी प्लेयर ऑक्सला (इतर साधनांसाठीच्या साध्या इनपुटला) लावून पाहिला, हा खुलासा उपयोगाचा नाही, कारण ऑक्सचा सिग्नल फोनोच्या मंडलातून जातच नाही. शेजारपाजारचा रेकॉर्ड प्लेयर तासभर मागून आणणे इतके अवघड होते काय?

खरेदीदाराच्या विलंबाचा आपल्याला थोडा फायदा मिळू शकेल. वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे वस्तुविक्री कायद्याचे कलम 42 मानते, आणि मग या कायद्याखाली बहुधा किंमत परत न मागता नुकसानभरपाईच मागता येते. पाच आठवडे वाजवी की अवाजवी, हे मात्र न्यायालय वस्तुस्थिती पाहून ठरवील, आणि करार कायद्याखाली करारच रद्द करण्याचा खरेदीदाराचा दावा यामुळे आपोआप संपत नाही. फौजदारी तक्रार टिकणे कठीण वाटते, कारण तिला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो; तरीही ‘तपासलेले’ या शब्दामुळे मी निश्चिंत राहा असे म्हणणार नाही.

जाहिरात आणि संदेश पुसू नका. आधी दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच आहे काय, ते पाहा: खरेदीदाराला रेकॉर्ड प्लेयरच्या डाव्या-उजव्या पिना फोनोवर अदलाबदल करून लावायला सांगा आणि त्याचे चित्रीकरण मागा. मुकेपणा उजव्या स्पीकरकडे सरकला, तर बिघाड त्याच्या प्लेयरच्या सुईत, कार्ट्रिजमध्ये (सुई बसवलेल्या भागात) किंवा वायरीत आहे. तो डावीकडेच राहिला, तर दोघांना मान्य असलेल्या कारागिराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या, तेवढी रक्कम ‘सर्व दावे मिटले’ अशा सहीच्या पावतीवर द्या आणि मोकळे व्हा. इतक्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात तारखा मोजत बसलात, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीहून अधिक खर्च वकिलावरच होईल.