दूर्वा, हरळी आणि ‘बर्म्युडा’

गोरेगावहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत लॉन करायचं ठरलं आहे आणि माळीकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ‘बर्म्युडा ग्रास’ असं लिहून आलं आहे. सभेत एका काकांनी हरकत घेतली, की परदेशी गवत कशाला, आपली देशी हरळी लावा. त्यावर एक ताई म्हणाल्या, हरळी हे तण आहे, त्यापेक्षा दूर्वा लावू, म्हणजे गणपतीत बाजारातून जुड्या आणायला नकोत. आता वाचकांना दोन गोष्टी हव्या आहेत: ही तीन गवतं वेगळी आहेत का, आणि यातलं इथलं कोणतं?

तिन्ही नावं एकाच गवताची आहेत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आणि ते इथलंच आहे. कोटेशनमध्ये संकरित जात असेल तर मात्र थोडा फरक पडतो, त्याकडे पुढे येतो.

मराठीत या एका गवताला दोन नावं का राहिली, हे आधी पाहू. दूर्वा हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि देवघराशी जोडून राहिला. हिंदीत त्याच दूर्वेची झिजून ‘दूब’ झाली आणि ती पूजेतही चालते, कुरणातही. आपल्याकडे कामं वाटली गेली. हरळी मूळ संस्कृत ‘हरिताली’वरून आलेली, मधला ‘त’ गळला, दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीच्या रीतीप्रमाणे ‘ळ’ झाला आणि हरियाळी, हराळी, हरळी अशी रूपं मिळाली. हिंदीतली ‘हरियाली’ याच घरातली. मुंबई इलाख्याच्या काळातल्या शेतीविषयक इंग्रजी लिखाणातही या गवताला ‘हरियाली’ म्हटलेलं आढळतं.

त्यामुळे देशावरचा शेतकरी रानात कधी ‘दूर्वा झाल्यात’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हरळी माजलीय’. नांगरट झाल्यावर बायामाणसं हरळीच्या काशा वेचतात. काशा म्हणजे तिची जमिनीखालची खोडं. त्यातला बोटभर तुकडा जरी मागे राहिला तरी पुढच्या पावसात तिथे पुन्हा गवत उभं राहतं, म्हणून कुंदा आणि लव्हाळ्याच्या जोडीने हरळीचं नाव घेतलं जातं. तोच शेतकरी भाद्रपदात बांधावरची कोवळी तुरी खुडतो तेव्हा तिला दूर्वा म्हणतो. वनस्पती एकच, पण खुडून जुडीत बांधली की दूर्वा आणि जमिनीत पसरलेली ती हरळी, असा हा वापर आहे. सभेतले काका आणि ताई एकाच गवताबद्दल बोलत होते. हरळीला तण म्हणणं चूक नाही. उसाच्या शेतात ती तणच असते, आणि ज्या गुणामुळे तण होते त्याच गुणामुळे लॉनवर चांगली बसते.

हा गुण फार जुन्या काळी कोणीतरी नीट पाहून ठेवला आहे. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून म्हटलं आहे: ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती परुषः परुषस्परि’, कांड्या-कांड्यातून, पेरा-पेरातून उगवत जाणारी. आजचं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक हेच सांगेल: जमिनीलगत धावणाऱ्या खोडाच्या प्रत्येक पेराला खाली मुळं आणि वर फुटवा. अमरकोशात दूर्वेची नावं आहेत शतपर्विका, रुहा, अनन्ता. शंभर पेरांची, उगवणारी, न संपणारी. ही नावं देणाऱ्यांनी गवत हातात धरून पाहिलेलं असणार याबद्दल मला शंका नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही अग्नीला म्हटलं आहे, तुझ्या येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर फुललेल्या दूर्वा उगवोत. जाळपोळ झालेल्या, तुडवलेल्या जागी पुन्हा पहिलं डोकं वर काढणाऱ्यांत हे गवत असतं. आझाद मैदानात किंवा शिवाजी पार्कात पायाखालचं गवत वाकून बघा, बहुतेक ठिकाणी ते दिसेल.

मग बर्म्युडा कुठून आलं? बर्म्युडा हा अटलांटिकमधला बेटांचा पुंजका, आणि हे गवत तिथलं मूळचं नाही. ते तिथेही बाहेरूनच गेलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात अठराव्या शतकापासून ते पसरत गेलं, तिथल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं, आणि लॉनचा धंदा अमेरिकेत वाढला म्हणून बियाण्याच्या पाकिटावर तेच नाव जगभर फिरलं. ऑस्ट्रेलियात याच गवताला काउच म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत क्वीक, आणखी कुठे बहामा ग्रास. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा पॅनिकम डॅक्टिलॉन म्हटलं होतं. १८०५ साली पर्सूनने त्याला सायनोडॉन या वंशात घातलं. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन म्हणजे बोट. एका बिंदूतून बोटांसारख्या निघणाऱ्या तीन ते सहा बारीक काड्यांचा तुरा हीच त्याची ओळख आहे. या कुठल्याच नावातून त्याचं गाव सांगता येत नाही.

‘मूळचं’ या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण खरा वाद तिथे आहे. वनस्पतिशास्त्रात एखादी वनस्पती मूळची म्हणजे माणसाने न आणता तिथे असलेली. सायनोडॉन वंशातल्या बऱ्याचशा जाती आफ्रिकेतल्या आहेत, म्हणून हरळीलाही काही जण आफ्रिकी ठरवतात. पण वंशाची दाटी एका खंडात असली म्हणून त्यातली प्रत्येक जात तिथलीच ठरत नाही. या जातीचा नैसर्गिक विस्तार आफ्रिकेपासून दक्षिण युरोप, भारत ते ऑस्ट्रेलियापर्यंत जुन्या जगाच्या उष्ण पट्ट्यात मानला जातो. म्हणजे ती भारताची आहे, पण फक्त भारताची नाही. अमेरिकेत आणि बर्म्युडात ती पाहुणी.

भाषेचा पुरावाही याच बाजूचा आहे. एखाद्या मोठ्या मुंबईकर इमारतीत चौकशी करा: गुजराती शेजारी धरो म्हणतील, कन्नड घरात गरिके, मल्याळम घरात करुका, तमिळ घरात अरुगंपुल. प्रत्येक भाषेकडे स्वतःचं जुनं नाव आहे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेल्या वनस्पतींची नावं पाहा: बटाटा, अननस, पपई, तंबाखू. वस्तूबरोबर नावही उतरलं. हा नियम पक्का नाही हेही सांगायला हवं. मिरची अमेरिकेतून आली, पण नाव तिने इथल्या मिऱ्याचं, ‘मरीच’चं घेतलं. म्हणून एकट्या नावावर निकाल देऊ नये. दूर्वेच्या बाबतीत नाव, वैदिक उल्लेख आणि वनस्पतीचा विस्तार तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांचा जो मोठा ग्रंथ केला आणि जो १९३५ साली छापला गेला, त्याचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण या शहरात बसून गवताचा इतका अभ्यास झाला आहे आणि आपण मात्र नर्सरीच्या पाटीवर विश्वास ठेवतो.

पाटीचं याहून मोठं उदाहरण म्हणजे ‘मेक्सिकन लॉन’. मुंबईच्या नर्सऱ्यांत या नावाने मिळणारं मऊ, दाट, गाद्यांसारखं उठणारं गवत बहुतेक वेळा झोयसिया वंशातलं असतं. झोयसियाचा मेक्सिकोशी काहीही संबंध नाही. तो आशियाचा आणि आसपासच्या किनाऱ्यांचा. त्यातल्या एका जातीचं, झोयसिया मॅट्रेलाचं, पहिलं वर्णन लिनियसने मलबारच्या गवतावरून केलं होतं. म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याचं गवत मेक्सिकोच्या नावाने विकलं जातं. खरं अमेरिकी गवत तिसरंच आहे: रुंद पानांचं कार्पेट ग्रास, अॅक्सोनोपस. ते उष्ण अमेरिकेतलं, पण त्याच्या नावात देशाचा पत्ता नसल्यामुळे त्याच्यावर कोणी हरकत घेत नाही!

आता कोटेशनकडे. कंत्राटदाराला एवढंच विचारा, साधं बर्म्युडा की हायब्रीड? साधं असेल तर ती हरळी, काकांचा आग्रह आपोआप पूर्ण झाला. हायब्रीड असेल तर बहुधा हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतलं सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस यांचा संकर. अशा जातींचं मोठं काम अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी केलं. १९६० साली आलेली टिफवे, म्हणजे ‘४१९’, अजून मैदानांवर लावली जाते. पान बारीक, वीण घट्ट, पण बी धरत नाही, तुकडे रोवूनच लावावी लागते. तिला देशी म्हणता येणार नाही, पूर्ण परदेशीही नाही. आणि एक गोष्ट कोणीच सभेत विचारली नसावी: जागेवर ऊन किती येतं? हरळी सावलीत विरळ होत जाते. दोन टॉवरच्या मधल्या पट्ट्यात ती लावून पैसे घालवू नका, तिथे कार्पेट ग्रासच टिकेल.

ताईंच्या सूचनेबद्दल. लॉनमधल्या हरळीच्या तुऱ्या पूजेला चालतील, फक्त त्या लॉनवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं नसावं, कारण प्रसादाजवळ त्या जातात. लॉन सतत कापलं जात असल्याने लांब तुऱ्या मिळायच्या नाहीत. कडेचा हातभर पट्टा न कापता सोडा. दादरच्या फूलबाजारातल्या जुड्यांत कधी कधी पावसाळी गवतं मिसळलेली असतात. पान आणि खोड जिथे मिळतात तिथे बारीक पांढऱ्या केसांची कड दिसते का आणि खोड जमिनीलगत धावणारं आहे का, एवढं पाहिलं तरी बरीचशी निवड होते. ‘श्वेत दूर्वा’ हे नावही निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या जुन्या कोशांत, नीलदूर्वा आणि गण्डदूर्वेबरोबर येतं, पण बाजारातली फिकट जुडी म्हणजे तीच असं समजू नये. सावलीत वाढलेली हरळीही फिकट पडते.

शेवटी लेखन: तत्सम शब्द असल्यामुळे ‘दू’ दीर्घच, ‘दुर्वा’ नव्हे. एकवचन दूर्वा, अनेकवचनही दूर्वा. दूर्वेची तुरी, दूर्वांची जुडी. सोसायटीच्या नोंदवहीत ठराव लिहिताना ‘हरळीचे लॉन’ असं लिहा आणि कंसात शास्त्रीय नाव घाला, म्हणजे बिल येईल तेव्हा काय मागवलं होतं यावर वाद होणार नाही.